पाहिले, रिकामे

तारीख ६, सोमवार

पोचलो एकदाचा! दोन दिवस ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्यांवर बसून पाठीचं पार लाकूड झालं, पण उतरल्या उतरल्या मुकादमाने हातात गरम चहाचा पेला दिला आणि सगळा शीण उतरला. ताई, तू म्हणायचीस ना, हा हॉटेलात टिकला नाही, गॅरेजात टिकला नाही, छापखान्यात तर तीन दिवसांत मालकाने हात जोडले. आता बघ. इथे टिकायचं म्हणजेच चालायचं. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत तीन गल्ल्या, वर-खाली, वर-खाली. माझ्यासारख्यासाठीच काढलेली नोकरी!

मुकादमाने नाव विचारलंच नाही. दहा मिनिटं मी एका जागी बसलो नाही तेव्हा म्हणाला, अरे तू माणूस आहेस की भिंगरी? झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तंबूत मी भिंगरी.

फोन लागत नाही म्हणून हे लिहितोय. प्रत्येक जोडीला पहाऱ्याची एक वही मिळते. पुढून साहेबांसाठी लिहायचं. मी मागून तुझ्यासाठी लिहिणार. अक्षराला हसू नकोस, तूच शिकवलंयस.

भूकंप होऊन अकरा दिवस झाले. वरचं गाव उभं आहे, खालच्या बाजाराला तडे गेलेत. तिथली सगळी माणसं शाळेच्या मैदानावर तंबूत आहेत. घरं रिकामी पडली म्हटल्यावर लुटालूट सुरू झाली. आधी टीव्ही, मग भांडी, मग चक्क नळ उपटून नेले. म्हणून हे मोठे साहेब आले आणि त्यांनी पहाऱ्याला आम्हा बाहेरच्यांना बोलावलं. मुद्दाम बाहेरचे. मुकादम म्हणाला, इथलीच माणसं ठेवली तर हा मामाचा पोरगा, तो मेव्हण्याचा भाऊ, असं करून सगळ्यांना सोडतील. तुम्हाला इथे ना मामा ना मेव्हणा. मला एकदम पटलं.

तारीख ७, मंगळवार

माझा जोडीदार पैलवान. हे त्याचं नाव नाही, पण त्याच्याकडे बघून दुसरं काही म्हणवतच नाही. दारातून आडवा होऊन आत येतो. आणि घाबरतो कशाला, तर पालीला! आज एका घरात पाल दिसली तर हा एवढा माणूस माझ्या मागे लपला. मी शपथ घेतली आहे की कोणाला सांगणार नाही.

काम असं. दारात उभं राहून तीन हाका मारायच्या, कोणी आहे का म्हणून. मग आत जाऊन खोली अन् खोली बघायची. मग बाहेरून दाराला आणि खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, लाल रंगाने फुली मारायची आणि वहीत घराच्या नंबरासमोर लिहायचं: पाहिले, रिकामे. खाली सही. पैलवानाला सही येत नाही म्हणून वही माझ्याकडे. शिट्टी जोडीत एकच, ती त्याच्याकडे. आज सोळा घरं झाली. दुसऱ्या जोडीची एकोणीस. मुकादमाने सगळ्यांसमोर विचारलं, काय रे भिंगरी, फिरतोयस की नुसताच गरगरतोयस?

तारीख ८, बुधवार

आज तेवीस घरं! पहिला नंबर आमचा. साहेबांनी लांबून का होईना, मान हलवली.

घाम मात्र निघाला. दुपारी एक हादरा येऊन गेला, छोटाच, तरी कौलं सरसर खाली आली. त्यानंतर पैलवान कुठल्याच घरात शिरेना. बाहेर उभं राहून फळ्या कापून देतो म्हणाला. मग आत मी एकटाच. एकेचाळीस नंबरला खाली शिंप्याचं दुकान, वर राहायची खोली. शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला झगा तसाच सुईखाली, भिंतीला मापाची फीत, मशीनच्या कडेला कप, तळाशी घोटभर चहा. जिना भिंतीपासून सुटलेला होता. एक पाय ठेवला तर पाळण्यासारखा हलला. तिथूनच वर तोंड करून तीन हाका मारल्या. चांगल्या खणखणीत मारल्या. काही उत्तर नाही. मागच्या खिडकीपासून सगळं बंद केलं आणि पुढच्या घराला लागलो.

तेवीस, ताई. घरी सांग.

तारीख ९, गुरुवार

आज एकजण पकडला गेला. आईच्या दम्याच्या औषधासाठी स्वतःच्याच घराची फळी उचकटत होता. त्याच्या गळ्यात चोर अशी पाटी लटकवून त्याला शाळेच्या ओट्यावर उभं केलं. मुलं बघायला जमली होती. मला हसू आलं नाही.

औषधाच्या तंबूत एक कंपाउंडर आहे, इथलाच, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला. तो तडक साहेबांपुढे गेला. म्हणाला, आधी कुलूप लावून ठेवलेलं धान्याचं कोठार उघडा. मग लोकांना दिवसाउजेडी, रांगेने, पहारेकरी सोबत देऊन आपापल्या घरातून औषधं, कपडे, काय ते आणू द्या. एवढं करूनही दुसऱ्याच्या घरात जो सापडेल त्याला खुशाल धरा. आज तुम्ही भुकेल्याला आणि चोराला एकाच दोरीने बांधताय. साहेब शांतपणे म्हणाले, आज एकाला सोडलं तर उद्या शंभर येतात, मग घरं सांभाळायची कोणी? आणि वर म्हणाले, कंपाउंडर, गोळ्यांचं काम वाटून घेऊ, तुमच्या तुम्ही द्या, आमच्या आम्ही. सगळे हसले. मीसुद्धा.

संध्याकाळी हुकूम निघाला. सील केलेल्या घरातून जो बाहेर येईल तो चोर. चौकशी नंतर. आमच्याबरोबर आता एक बंदूकवाला फिरणार.

तारीख १०, शुक्रवार

एकेचाळीसवरून जाताना आत ठकठक ऐकू आली. तीन ठोके, मग गप्प, परत तीन. मला वाटलं तडकलेलं लाकूड उन्हाने वाजत असेल. जुन्या घरांत होतं तसं.

खालच्या बाजाराभोवती लोकांना अडवायला दोरी बांधली आहे, दुपारी तिथे एक बाई आली. एकेचाळीस नंबरची शिंपीण. तिचे बाबा बुधवारी सकाळपासून तंबूत नाहीत. एका गिऱ्हाइकाचा झगा अर्धा राहिला होता, तेच त्यांच्या डोक्यात. तेवढ्यासाठी घरी गेले असतील का, असं ती विचारत होती. मी म्हणालो, बाई, आम्ही तीन हाका मारतो. ती म्हणाली, भाऊ, हाका मारून काय उपयोग, त्यांना वीस वर्षं ऐकू येत नाही. काही हवं असलं की कापड मोजायची लाकडी पट्टी भिंतीवर आपटतात. तीन म्हणजे पाणी. दोन म्हणजे जेवण. एक म्हणजे ये. आणि कोणी समोर येऊन उभं राहीपर्यंत थांबत नाहीत, हट्टी आहेत फार. सांगताना जरा हसलीसुद्धा.

मग तिने विचारलं, वर गेला होतात ना? खाटेवर निळी चादर होती का?

ताई, मी हो म्हणालो.

होती म्हणालो. खाट रिकामी होती म्हणालो. तिने हात जोडले. म्हणाली, मग ते गावाबाहेर भरकटले असतील, मी मोठ्या दवाखान्यात जाऊन बघते. पाचच्या ट्रकने गेली.

कपात चहा होता. तेरा दिवस रिकाम्या घरात ओला चहा.

तारीख ११, शनिवार

सांगायचं ठरवून उठलो होतो. तोंड धुताना, चहा पिताना, वाक्य पाठ करत होतो. साहेब, मी जिना चढलो नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण मुकादमाने तेवीसचा आकडा काढला, नव्या जोड्यांना म्हणाला, या भिंगरीकडून शिका. ताई, मला कधी कोणी असं म्हटलंय का? वाक्य सोडलं आणि नव्या पोरांना वही उघडून दाखवली.

दुपारी मुकादम आमच्याबरोबर फेरीला आला. नेमका एकेचाळीससमोर. आतून तीन ठोके. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. पैलवानाचा चेहरा पांढरा. मुकादमाने विचारलं, हे घर तूच बघितलंस ना?

मी म्हणालो, ही चोरांची नवी युक्ती आहे. आत शिरतात आणि घरच्या माणसासारखा आवाज काढतात. कण्हतात, ठोकतात, नाव घेऊन हाका मारतात. आपण दयेने फळी काढली की डोक्यात घाव. मी दुसरीकडे ऐकलंय असं. कुठे ऐकलंय? कुठेच नाही. तोंडाला येईल ते बोलत गेलो आणि ते इतकं खरं वाटत होतं की माझ्याच अंगावर काटा आला.

मुकादमाने पाठ थोपटली.

तारीख १२, रविवार

माझं वाक्य हुकूम झालं. साहेबांनी सकाळी भोंग्यावरून वाचून दाखवलं. बंद घरातून ओळखीचा आवाज आला, नाव घेऊन हाक आली, तरी उत्तर द्यायचं नाही, फळी काढायची नाही. बाहेर आला तर बंदूकवाला बघेल.

आणि त्याने बघितलं. सतरा नंबरच्या खिडकीतून एकजण उतरत होता. गोळी लागल्यावर त्याच्या खिशातून किल्ली पडली. सतरा नंबरचीच. मालक होता. सगळे किल्लीकडे बघत उभे राहिले आणि कोणी वाकून ती उचलेना.

कंपाउंडर मला पाणवठ्यावर भेटला. म्हणाला, शिंपीआजोबांचं काय झालं रे? मी बादली भरत राहिलो. तो म्हणाला, याच गल्लीतलं कोणीही पहाऱ्याला असतं ना, तर आधी जिना चढून वर गेलं असतं. म्हातारा बहिरा आहे हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण तुम्हाला मुद्दाम असे आणलेत, ज्यांना आमचं काहीच ठाऊक नाही. चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो थकून बोलत होता.

फेरी संपताना मी मागच्या अंगाला गेलो. फळीच्या फटीतून पाण्याची बाटली आत ढकलली. खाली पडल्याचा आवाज आला. ठोके थांबले. पळत सुटलो.

बाटली. ताई, मी फळी काढायला हवी होती आणि मी बाटली टाकली.

तारीख १३, सोमवार

आज दिवसभर काही आवाज नाही. नऊ फेऱ्या मारल्या. काहीच नाही.

बरं वाटलं. मग का बरं वाटलं ते कळलं, आणि जेवण गेलं नाही. पैलवानाने माझं ताट संपवलं, विचारलं, बरं नाही का भिंगरी, आज बसून आहेस.

तारीख १४, मंगळवार

परत सुरू.

आता तीन नाहीत. एक. मग खूप वेळ काही नाही. मग एक.

एक म्हणजे ये.

पैलवान म्हणतो त्याला ऐकू येत नाही. शनिवारी येत होतं, आज येत नाही म्हणतो. मुकादमालाही नाही. मी भिंतीला कान लावला. आत, अगदी कानाच्या उंचीवर — ठक. मी मागे पडलो.

काय सुचलं कोणास ठाऊक, लाठीने भिंतीवर दोनदा ठोकलं. लगेच आतून दोन. मी चार ठोकले. आतून चार.

तो बहिरा आहे, ताई. वीस वर्षं बहिरा आहे. माझे ठोके त्याने मोजले कसे?

तारीख १५, बुधवार

झोप नाही. जेवताना वाजतं. पाणी भरताना बादलीच्या बुडाशी वाजतं. एक. एक. मी गिरणीच्या पट्ट्यासारखा चालतो, दिवसभर, थांबलो की वाजतं. हात हलत राहतात. पैलवान माझ्यापासून जरा लांब चालतो.

शिंपीणबाई परत आली. कुठल्याच दवाखान्यात नाहीत. साहेबांकडे गेली होती. साहेबांनी माझी वही मागवली आणि बोट ठेवून दाखवलं — एकेचाळीस, पाहिले, रिकामे, सही. म्हणाले, बाई, हे सरकारी लिहिणं आहे. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, हो, या भाऊंनी स्वतः बघितलंय. त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

माझ्यावर.

उद्या दुपारनंतर आमची तुकडी हलणार. पुढच्या गावाला. खालचा बाजार पूर्ण झाला म्हणे. फळ्या पावसाळ्यानंतर काढतील — तोवर इकडे कोणी फिरकणार नाही.

उद्या. पैलवान जेवायला जाईल तेव्हा. साहेबांना काय, मुकादमाला काय, नंतर सांगेन. आधी जिना चढेन.

तारीख १६, दुपार

आत आहे.

मागची खिडकी. माझेच खिळे, हातोडीच्या मागच्या टोकाने काढले. वही शर्टात होती म्हणून लिहितोय, हात कशात तरी अडकवायला हवेत.

मी आत उतरलो तेव्हा वर ठक वाजलं. येतोय म्हणून ओरडलो. ओरडून काय उपयोग.

जिना हलतो. पण चढता येतो. अकरा पायऱ्या आहेत. ताई, फक्त अकरा होत्या.

प्रत्येक पायरीला एक ठोका. शेवटच्या पायरीपर्यंत. मग मी खाटेला वळसा घालून समोर जाऊन उभा राहिलो आणि ठोके थांबले.

भिंतीला टेकून बसलेत. हातात पट्टी. भिंतीला खड्डा पडलाय, आतली वीट दिसते. मी डॉक्टर नाही, पण हे आजचं नाही. कालचंही नाही. माझी बाटली त्यांच्याजवळ आहे. खाली जाऊन घेऊन आले होते. बूच उघडता आलं नाही. त्यावर दातांच्या खुणा.

पाणी तसंच आहे, काठोकाठ.

चादर हिरवी आहे. निळी नाही. म्हणजे त्यांनी घरी येऊन बदलली, आणि मी वर बघून हिरवी म्हणालो असतो तर बाईला तेव्हाच कळलं असतं. मीच —

खाली हातोडी.

आधी वाटलं परत तेच. नाही. हा खिळ्याचा आवाज. हा मला पाठ आहे.

त्यानंतर

खिडकी बंद. धावत खाली आलो, जिन्यावर पडलो, तोवर शेवटची फळी लागत होती.

ओरडलो. मी आहे, भिंगरी आहे. पैलवान रडवेला होऊन म्हणाला, मुकादम, अगदी आपल्या भिंगरीसारखा आवाज काढतोय हो. मुकादम म्हणाला, म्हणून तर हुकूम आहे. भिंगरी केव्हाच पळाला, त्याचं गाठोडं बघ तंबूत अर्धवट बांधलेलं. तो कुठे टिकतोय. मार अजून चार.

मी पैलवानाला म्हणालो, तू पालीला घाबरतोस, माझ्यामागे लपला होतास, मी कोणाला सांगितलं नाही. बाहेर हातोडी थांबली. मग तो किंचाळला — हे यालाही माहीत आहे! हातोडी आणखी जोरात.

बंदूकवाला विचारत होता, झाडू का फळीतून? मुकादम नको म्हणाला. गाडी सुटेल म्हणाला.

पैलवानाने उत्तर दिलं नाही मला. कोणीच दिलं नाही. माझंच वाक्य.

ट्रकचा आवाज. गेला.

अजून उजेड आहे

फटीतून येतोय, वहीवर पट्टीएवढा. वही उलटवून साहेबांसाठी लिहिलेलं पान उघडलं. एकेचाळीससमोरचं रिकामे खोडलं. दोन माणसं असं लिहिलं. सही केली.

वर जाऊन पट्टी आणली. सोडत नव्हते. बोटं एकेक —

दाराशी बसून तीन ठोकले. कितीतरी वेळ. गल्लीत कोणी नाही. कंपाउंडर दोरीच्या आत येऊ शकत नाही. शिंपीणबाई येणार नाही, तिला मी सांगितलंय ना, वर कोणी नाही.

तीनला कोणी येत नाही.

एक ठोकला.

एक.

वर खाट सरकली.

हादरा असेल. छोटे येतात.

नाही. जिना. पायरी पायरीने. मी पट्टी खाली ठेवली — मी आता ठोकत नाही — थांबलोय मी — थांबलो म्हणून सांगायचं तर कसं सांगू, त्यांना ऐकू —

चार. पाच.

सावकाश येतायत. ज्याने हाक मारली त्याच्यासमोर येऊन उभं राहायचं, त्यांच्या घरात तीच रीत —

आठ.

ताई, मी बसलोय. हलत नाहीये. पहिल्यांदा एका जागी —

दहा —

एकच पायरी राहिलीय आता, मग ते माझ्या